बिडाचा आवाज

निरोप आला तेव्हा मी बंगळूरला, महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. येलहंक्यात अण्णांच्या शेडशेजारी टायरचं दुकान आहे, त्या दुकानदाराचा मेसेज होता. हणमंतअण्णा पहाटे झोपेतच गेले. मी फोन पालथा ठेवला आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते नुसतं बघत राहिले. अण्णांच्या किती चांगल्या आठवणी आहेत माझ्याजवळ, पण खरं सांगते, सगळ्यात आधी आठवला तो शनिवार. सत्तरीच्या त्या माणसावर मी त्याच्याच शेडमध्ये, चारचौघांत ओरडले होते.

अण्णांचं काम गंज काढायचं. जुन्या गाड्यांचे बिडाचे भाग, ब्रेकचे ड्रम, इंजिनाचे ब्लॉक, असं काय काय त्यांच्याकडे यायचं. डोक्यावर टोप चढवून, कोपरापर्यंतचे हातमोजे घालून ते नळीतून दाबाच्या हवेबरोबर पोलादाची बारीक कणी त्या गंजावर मारत. कॉम्प्रेसरचा आवाज असा की छातीत धडधडायचं. तासाभरात लाल पापुद्रे उडून आतलं राखाडी बीड दिसू लागे. मग घाई असायची, कारण उघडं बीड दमट हवेत दिवसभरात पुन्हा लालसर होतं. त्याला घामाचा हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. मी मूळची नागपूरची, एक जुनी खटारा गाडी हौसेनं विकत घेऊन बसलेली. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. “आमी आधी आलो, तुमी आफिसवाले मागनं आलात. रांगेत ऱ्हावा,” म्हणत ते मला चिडवायचे. मला दम धरवत नाही, आणि त्यांचं सगळं ‘स्वल्प तडी, अम्मा’. म्हणजे कानडीत, जरा थांब. हे तीन शब्द ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं.

प्रायमरच्या आधी मात्र एक काम ते कधीच चुकवत नसत. ड्रम आकड्याला टांगायचे आणि लहान हातोडीनं टोला मारायचे. धड ड्रम घंटेसारखा घणघणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. “कणी मारून मारून तड्याचं तोंड मिटतं, डोळ्याला दिसत न्हाई. कान द्याचा,” असं ते सांगायचे. टोला मारला की ते दाराकडे बघायचे. तिथे त्यांची बायको, सरसाक्का, सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असे. अक्कांनी मान हलवली की अण्णा म्हणणार, “सरी.” म्हणजे ठीक आहे. मला वाटे, काय हे म्हाताऱ्यांचं प्रेम! मी एकदा विचारलंही, “अण्णा, अक्कांच्या परवानगीशिवाय ड्रमसुद्धा पास होत नाही का?” दोघंही हसले होते.

माझ्या गाडीचे चार ड्रम त्यांनी साफ केले तो शुक्रवार होता. अक्का के. आर. पुरमला बहिणीकडे गेल्या होत्या. रविवारी पहाटे मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी मीरा त्या गाडीनं घाट उतरून मंगळूरला जाणार होतो, म्हणून मी त्यांच्या मानगुटीवर बसले होते. अण्णा, झालं का? अण्णा, अजून किती? पहिला ड्रम टांगून त्यांनी टोला मारला आणि सवयीनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पुन्हा टोला मारला. थोडा वेळ हातोडी हातात धरून उभे राहिले... मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सरी.” चारही ड्रम तसेच झाले. मी खूश. शनिवारी सकाळी मेकॅनिकनं तिथेच अंगणात ते गाडीला चढवले.

दुपारी घरी निघण्याआधी अण्णांचा निरोप घ्यायला मी शेडमध्ये गेले. कॉम्प्रेसर बंद होता. माझ्याकडे पाठ करून ते कणी चाळत होते. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला जवळ जाताना माझ्या पायानं एक लोखंडी पाइप आडवा झाला आणि फरशीवर असा खणखणला की टायरवाला डोकावून गेला. अण्णांची मान हललीही नाही.

बाहेर मीरा गाडीत मागच्या सीटवर बसून खिडकीच्या काचेवर चित्र काढत होती.

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. माझी पोर बसणार आहे या गाडीत! ऐकूच येत नाही तर सरी कसं म्हणालात? ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेवढ्यात पिशवी घेऊन अक्का आल्या, आणि एका नजरेत त्यांना सगळं कळलं. “सात वर्सं झाली गं,” त्या म्हणाल्या. “त्या मशिनीनं कान गेला. मी ऐकते, ते सांगतात.”

चारही चाकं उतरवली. ड्रम एकेक करून आकड्याला टांगला. अण्णा टोला मारत होते, अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. पहिला घणघणला. दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी अण्णा अक्कांच्या तोंडाकडे बघत. चौथ्याला टोला बसला आणि आवाज आला बद्द, फुटक्या मडक्याचा. मी ऐकला, मीरानं ऐकला, टायरवाल्यानं ऐकला. शेडमध्ये तो फक्त अण्णांना ऐकू आला नाही. “काय?” ते मला विचारत होते. “काय वाजलं?”

अक्कांनी ड्रमला रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड फासली. आम्ही बघत बसलो. पाच मिनिटं काहीच नाही... मग पांढऱ्या पुडीवर काठापासून आत, तड्यात मुरलेल्या रॉकेलची एक ओली रेघ उमटू लागली. वीतभर लांब.

अण्णांनी त्या रेघेवर बोट ठेवलं, मग घण उचलला आणि ड्रमचे दोन तुकडे केले. कुणाच्याच गाडीला पुन्हा लागायला नको. “काल अक्का नव्हती,” ते म्हणाले. “तू डोस्क्यावर हुभी. सांगाला लाज वाटली, अम्मा.” त्यांची चूक होतीच, पण घाई माझी होती, हे मला त्या दिवशी कबूल करता आलं नाही. नंतर मी ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, ऐकू आलं नाही. आणि हसले.

सोमवारपासून अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगू लागले, माझे कान गेलेत, पारख बायको करते. काही जणांनी काम काढून घेतलं. अण्णांनी त्यांना अडवलं नाही. अक्कांचा पाट दारातून उठून आकड्याशेजारी आला, आणि आता त्या नुसती मान न हलवता अण्णांच्या कानाशी ओरडून सांगू लागल्या.

परवा मीराला घेऊन अक्कांना भेटायला गेले. कॉम्प्रेसरवर चादर टाकलेली आहे. आम्ही बसलो असतानाच एक जण दुसरीकडून साफ करून आणलेला ड्रम घेऊन आला. तेवढं ऐकून सांगा म्हणाला. अक्कांनी ड्रम आकड्याला टांगला, हातोडी घेतली, टोला मारला. छान घणघणला.

“सरी हाय!” अक्का एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की तो माणूस दचकून मागे सरकला. तो त्यांच्यापासून जेमतेम दोन हात अंतरावर उभा होता.

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पदर सारखा करून त्यांनी त्याला पुन्हा सांगितलं, आपण माणसांशी बोलतो तसं, हळू.

“सरी हाय.”

तो हळू आवाज मला सोसला नाही. मी मीराचा हात धरून बाहेर आले.