भावोजींनी निवडलेले स्पीकर

माझ्या भावोजींना सगळे कानसेन म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. धंदा मात्र चष्म्याचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं बदलत राहायची आणि विचारायचं, "आता बरं, की आता?" समोरचा गोंधळला की यांना मजा यायची. शास्त्रीय संगीतातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा दावा होता, आणि तो खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. अडाण्याला निदान गप्प बसवता येतं.

माझी थोरली बहीण त्यांची बायको. लग्नाआधी ताई गायची. चांगली गायची असं मी कधी म्हटलं, तर भावोजी म्हणायचे, गाढवाला गुळाची चव काय! मी शाळेत खेळ शिकवते, गळ्यात शिट्टी अडकवून फिरते, त्यामुळे त्यांच्या घरात माझ्या मताला किंमत नव्हती.

लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा एका लहानशा सभागृहात ताईचं गाणं झालं. भावोजी आणि त्यांची आई ऐकायला आली होती. आमच्या बाबांनी पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवला होता आणि ही दोघं बरोबर त्याच्या मागे बसली होती. दुसऱ्याच दिवशी होकार आला. त्या गाण्याची कॅसेट आमच्या घरी इतक्या वेळा वाजली की विचारू नका. त्यात एका ठिकाणी ताईचा सूर लांबतो आणि खाली काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. आई म्हणायची, ते बघ, जावईबापूंनी तिथे दाद दिली. मग आम्ही सगळे ती जागा आली की हात वर करून थांबायचो. ताई लाजायची.

ती दाद म्हणजे ताईचा दागिना होता. दुसरा कुठला तिच्याकडे फारसा नव्हताच.

लग्नानंतर ती सकाळी तंबोरा घेऊन बसायची. भावोजी पेपर वाचत असायचे. सूर जरा हलला की ते काही बोलायचे नाहीत, नुसतं बोट टेबलावर आपटायचे. टक. ताई थांबायची, पुन्हा सुरू करायची, पुन्हा टक. वर्षभरात तंबोरा माळ्यावर गेला. पुढे ती स्वयंपाकघरात गुणगुणायची, तर बाहेरून टक. तेही बंद झालं. आणि वर हेच गृहस्थ चार लोकांत सांगायचे, "हिच्या गाण्यावर भाळून मी लग्न केलं. ते गाणं कुठे गेलं कोण जाणे. आता भांड्यांचाच आवाज येतो." लोक हसायचे, ताईही हसायची. एकदा मी तिला म्हटलं, तू ऐकून का घेतेस? तर म्हणते, "खरंच आहे गं. त्यांनी काय ऐकून मला पसंत केलं होतं आणि मी काय करून ठेवलं." मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. आयुष्यभर ती बाई हरवलेल्या वस्तूसारखा आपला गळा शोधत राहिली आणि नवऱ्याची माफी मागत राहिली.

दुकान पुतण्याकडे सोपवल्यावर भावोजींनी स्पीकर घ्यायचं मनावर घेतलं. म्हणजे आधी खोलीचं वाटोळं केलं. स्पीकर भिंतीपासून लांब हवेत, म्हणून ताईचं शिवणाचं मशीन बाल्कनीत गेलं. काचेचं कपाट थरथरतं, म्हणून ते विकलं. जाड पडदे आले, जमिनीवर सतरंजी आली, आणि बरोबर मधोमध एक खुर्ची. त्या एकाच जागी आवाज नीट जुळतो म्हणे, म्हणून तिथे फक्त भावोजी बसणार. ताईसाठी दाराशी एक स्टूल. हाक मारली की लगेच उठता येतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

मग दुकानं पालथी घातली. स्पीकरवाले यांना बघून मागच्या दाराने पळत असतील. शेवटी एकजण बिचारा दोन जोड्या घरी घेऊन आला. ऐका, आवडेल ती ठेवा, दुसरी मी परत नेतो, म्हणाला. मध्ये एक बटणांची डबी जोडून दिली. एक दाबलं की पहिली जोडी वाजणार, दुसरं दाबलं की दुसरी. झालं! भावोजी आठवडाभर आपल्याच नाकावर चौकट चढवल्यासारखे बसले होते. आता बरं, की आता? पहिल्या जोडीचा आवाज गोड होता, सगळं मऊ करणारा. भावोजींनी नाक मुरडलं. हे स्पीकर खोटं बोलतात, म्हणाले, गायकाचा प्रत्येक दोष पोटात घालतात. दुसरी जोडी मात्र गवयाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकवायची, मागे कुणी खोकलं तरी कळायचं. "हे खरे. यांच्यापुढे काही लपत नाही," असा निकाल त्यांनी दिला.

स्पीकरवाला पहिली जोडी न्यायला आला त्या दुपारी मी तिथे होते. ताई आत गेली आणि माहेरून आणलेली ती कॅसेट घेऊन आली. तिने कॅसेट पदरात धरली होती.

"अहो, एकदा हे लावाल? या खऱ्या स्पीकरवर. तुम्ही दाद दिली होती ना, ती मला एकदा नीट ऐकायची आहे."

भावोजी हसले. स्पीकरवाल्याकडे बघून म्हणाले, ऐका, आमची घसरण कुठून झाली ते ऐका. आणि कॅसेट लावली, दुसऱ्या जोडीवर.

काय आवाज होता हो! मी शिट्टीवाली बाई, पण माझ्या अंगावर काटा आला. तरुण, धीट, भरलेला आवाज. ताई स्टुलावर बसून स्वतःलाच ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. मग ती जागा आली. सूर लांबला. ताईने सवयीने हात वर केला.

सुराखालून भावोजींच्या आईचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "गाणं कसं आहे रे?"

आणि भावोजींचा. "सुमार आहे. बंद करायला लावू. पण बोललं की खाली बघते, ते चांगलं आहे."

त्यांची आई बारीक हसली, तेही ऐकू आलं. मग सूर संपला आणि कॅसेटमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताईचा हात तसाच वर होता. स्पीकरवाला खोकं उघडता उघडता थांबला.

भावोजींनी कॅसेट बंद केली. जुनी टेप आहे, काहीबाही ऐकू येतं, असं पुटपुटले. मग एकदम स्पीकरवाल्याला म्हणाले की ही जोडी या खोलीला जरा बोचरी होतेय, असं करा, ही न्या आणि पहिली ठेवा. आठवडाभर ज्यांना खोटं म्हणत होते ते स्पीकर आता यांना हवे होते.

ताई उठली आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत तिला मी पहिल्यांदाच बघत होते. तिने कॅसेट मागे घेतली आणि डबीवरचं एक बटण दाबलं. मऊ आवाजात सूर आला, खाली नुसती पुटपुट, आईने दाखवलेली ती दाद. पुन्हा मागे घेतली. दुसरं बटण. सुमार आहे. पुन्हा पहिलं. पुन्हा दुसरं. बंद करायला लावू.

"आता बरं, की आता?" तिने विचारलं.

भावोजी उभेच होते. बसायला स्टूल सोडून दुसरं काही नव्हतं. "पहिले," ते म्हणाले.

"मला दुसरे बरे वाटतात," ताई म्हणाली, आणि स्पीकरवाल्याला पहिली जोडी उचलायला सांगितली. तो इतक्या घाईने गेला की डबी तिथेच विसरला.

यानंतर ताई पुन्हा गायला लागली असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही लागली. गळा असा पडून राहिलेला परत मिळत नाही. ती एवढंच करते, की भावोजी जेवायला बसले की ती कॅसेट लावते. रोज. वाढते नीट, गरम वाढते, आग्रहसुद्धा करते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

परवा मी गेले होते तेव्हा जेवण चालू होतं. ती जागा येऊन गेली, टाळ्याही झाल्या. ताईने ताटात वाढता वाढता विचारलं, "आवाज स्वच्छ येतोय ना?"

"हो," भावोजी म्हणाले, खाली बघून.