जर्मनीतली काठवट

वसमतला माझं मिरची कांडप आहे. बाया मिरची घेऊन येतात, नंबर लागेपर्यंत बसतात आणि बोलत राहतात. मिरची कुटून घरी जाते, गोष्ट इथंच राहते. ज्यांची लेकरं परदेशात गेलीत त्या जरा जास्तच बसतात. इथं रडायला कोणाला लाज वाटत नाही, सगळं मिरचीवर ढकलता येतं. आता एवढ्या गोष्टी साठल्यात की पोतं फुटायची वेळ आलीय.

*

पहिली गोष्ट माझ्याच घरची. माझी अश्विनी नर्स आहे. तिला जर्मनीत म्हाताऱ्या लोकांच्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा दीर दारात येऊन म्हणले, "वहिनी, पोरीला एवढ्या लांब काहून धाडायल्या? सहा महिन्यांत रडत माघारी येईल."

मी म्हणलं, "रडंल. पण तिथंच रडंल."

त्यांचा स्वतःचा पोरगा पुण्याच्या मेसमधली पोळी गिळंना म्हणून आठवड्यात घरी आला होता, ते मी बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी बोलले नाही.

*

कांडपावर माझ्या जोडीला शबानाआपा असते. तिचा आसिफ सौदीत एसी दुरुस्त करतो. राहायच्या खोलीतही एसी आहे, पण त्याला त्यात झोप येईना. रोज फोन करून म्हणायचा, "अम्मी, फोन कूलर के पास रख." घरच्या पत्र्याच्या कूलरची खडखड कानावर पडली की लगेच घोरायला लागायचा. उन्हाळ्यात ठीक होतं. थंडीतही त्याचं तेच. आपाच्या घरातले सगळे गोधड्या पांघरून कूलरसमोर कुडकुडत बसलेले.

मी म्हणलं, "आपा, एकदा आवाज रेकॉर्ड करून पाठव ना त्याला."

"भेजी थी. बोला, अम्मी, ये तो कल का है."

*

एका बाईचा पोरगा कॅनडात शिकतो. तिखट त्याला घरचंच लागतं. ती म्हणाली, "मावशी, जरा सपक कुटा. खोलीतली दुसरी पोरं खोकतात म्हणे."

मी म्हणलं, "सपक पाहिजे तर वीट आणा, कुटून देते. रंग बराबर येईल."

*

अश्विनीला बशीतून चहा प्यायची सवय. तिथं कपाखाली बशी देतात, पण ती नुसती ठेवायला. पहिल्याच दिवशी तिनं बशीत ओतून फुर्रकन ओढला, तर सगळा स्टाफ वळून बघायला लागला. मग तिनं बशी सोडूनच दिली.

"आई, कपातून प्याले तर चहा प्याल्यासारखं वाटतच न्हाई."

"भिंतीकडं तोंड कर," मी म्हणलं. "पण बशीतच पी."

*

भाकरी थापायची लाकडी काठवट मात्र मीच तिला बळं दिली होती. बॅगेचं वजन जास्त व्हायला लागलं, तेव्हा स्वेटर काढला आणि काठवट ठेवली. स्वेटर तिथंही भेटतोय.

पहिल्याच रविवारी सकाळी तिनं भाकरी थापायला घेतली, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी दार वाजवत वर आली. इथं रविवारी आवाज चालत नाही म्हणे. वर विचारलं, कोणाला मारून राहिली का? पोरगी भेदरली. तक्रार झाली तर घर जाईल म्हणून फोनवर रडायला लागली.

मी म्हणलं, "रविवारी शिळी खा. आणि त्या म्हातारीला लोणी लावून एक भाकर देऊन ये."

म्हातारीनं भाकर घेतली आणि दार लावलं. तिथून पुढं अश्विनी सोमवार ते शनिवार भाकरी थापायची आणि रविवारी शिळी खायची.

*

मग थंडी आली. तिथं दुपारीच दिवस मावळतो म्हणे. पोरगी डबल ड्युटी करायची आणि ब्रेड खाऊन झोपायची. एका रविवारी मी कांडप बंद करून बाहेर बसले होते, तेव्हा तिचा फोन आला.

"आई, मी तिकीट बघून राहिले. येते माघारी."

दिराचं तोंड डोळ्यापुढं आलं. खरं सांगायचं तर त्याच्याआधी घरातलं तिचं ताट डोळ्यापुढं आलं. ये, असं ओठावर आलं होतं. मी दात दाबून धरले.

"भाकर खाल्लीस का?"

"आठ दिवस झाले, थापलीच न्हाई. एकटीसाठी काय थापायची?"

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. ठक, ठक, ठक.

"कोण ठोकायलंय गं?"

"खालची म्हातारी. झाडूच्या दांड्यानं तिचं छत ठोकायली."

"काहून? तू तर काहीच वाजवलं न्हाई. आणि आज रविवार हाय ना?"

"व्हय. रविवारच हाय."

परत ठक, ठक, ठक. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा.

"आई, फोन ठेव. दोन भाकरी टाकते."