बाबांनी हँडब्रेक घट्ट केला

बाबांच्या गाडीचा हँडब्रेक पार ढिला झाला होता. दांडा पुरता वर ओढला तरी गाडी मागे सरकायची. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगसमोर उतार आहे. म्हणून आई पायाशी एक दगड घेऊन बसायची. गाडी थांबली की आधी आई उतरणार, चाकामागे दगड लावणार, मगच बाबा ब्रेकवरचा पाय काढणार. बुवापाड्यातल्या चाळीतून इथे राहायला आल्यावर बाबांनी ती जुनीच गाडी घेतली होती. कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांना तिच्याशिवाय दुसरा नाद उरला नाही.

दादाला त्या दगडाची लाज वाटायची. एकदा बदलापूर गावात, त्याच्या सासरच्या दारात आई जरीची साडी नेसून दगड हातात घेऊन उतरली, तेव्हा त्याचे मेहुणे हसले होते.

मी कॉलेजात होते त्या वर्षी, एका शुक्रवारी तो जेवताना म्हणाला, "बाबा, रविवारी सगळे बदलापूरला जाऊ. तेवढा हँडब्रेक बघून ठेवा."

दादाने आपणहून गाडीचं नाव काढलं, याचंच बाबांना अप्रूप वाटलं.

शनिवारी सकाळी त्यांनी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि खाली लाकडाचा ठोकळा सरकवला. मला चाकापाशी बसवून ते गाडीत शिरले. हँडब्रेकच्या बुडाशी केबल ओढणारे दोन नट असतात, ते गंजून बसले होते. बाबांनी रॉकेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा पाना लावला. एकदा पाना सटकून त्यांची बोटं सोलवटली.

"फिरव गं."

"फिरतंय."

आणखी थोडं आवळून त्यांनी दांडा ओढला.

"आता?"

"आता नाही फिरत, बाबा!"

"आणि सोडल्यावर?"

"मोकळं फिरतंय."

मग दुसरं चाक उचलून तेच सगळं पुन्हा. दुपारी ते जेवायला बसले तेव्हा सोललेल्या बोटांना आमटी झोंबत होती, तरी हसत होते. आईला म्हणाले, "उद्यापासून तू राणीसारखी बस."

रविवारी आई नेसून तयार झाली. वहिनी मात्र गाऊनवरच होती. दहाच्या सुमारास उल्हासनगरहून जुन्या गाड्यांचा एक धंदेवाला आला. दादाने त्याला सरळ खाली नेलं. आम्हाला वाटलं, कोणी ओळखीचा असेल. बाबा कौतुकाने मागोमाग गेले, मीही गेले.

त्या माणसाने गाडी उतारावर उभी केली, हँडब्रेक ओढला, उतरून मागून ढकलून पाहिली. गाडी हलली नाही.

"हँडब्रेक तो एकदम टाइट है," तो म्हणाला.

"बोला था ना," दादा म्हणाला. "कल ही करवाया."

करवाया. बाबा शेजारीच उभे होते.

त्यांनी दादाकडे बघितलं. "गाडी विकतोयस?"

"माझी नवी येतेय बाबा. बिल्डिंगमध्ये जागा एकच आहे."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

"म्हणून विचारलं नाहीस?"

तो धंदेवाला टायर बघायला लागला.

गाडी बाबांच्या नावावर होती. नाही म्हणाले असते तर व्यवहार तिथेच मोडला असता. मी मनात म्हणत होते, म्हणा ना. पण परक्या माणसासमोर घरची शोभा नको, म्हणून बाबांनी सही करून दिली. तो माणूस गाडी घेऊन गेला. वर आई दारातच उभी होती. "निघायचं ना?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "साडी बदल," आणि आत जाऊन पडून राहिले.

दादाची नवी गाडी आली. पेढे वाटले. बाबा त्या गाडीत बसले नाहीत असं नाही. पुष्कळदा बसले. मागच्या सीटवर, दादा सांगेल त्या बाजूला. रस्त्यात ते काही बोलायचे नाहीत आणि दादाला वाटायचं, म्हातारा निवळला. एकदा मला म्हणालासुद्धा, "बघ, आता कसे आरामात बसतात."

दादाशी मी आजही कामापुरतंच बोलते.