जिनातल्या मिस्तरीची विलायती गाडी

मी ती गाडी वडिलांसाठी घेतली, असं आमच्या वस्तीत अजून सांगतात. साफ खोटं आहे. मी ती माझ्या मिजाशीसाठी घेतली. नवीन जालन्यातल्या एका बँकेत मी नुकताच कायम झालो होतो. वस्तीतून कडक इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत जाणारा मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात हवा होती. स्कूटरसाठी नंबर लावून ठेवला होता, पण तो यायला अजून चार-पाच वर्षं होती. त्यातच पेट्रोल भडकलं आणि लोक हौसेच्या गाड्या काढून टाकू लागले. मोंढ्यातल्या एका आडत्याच्या पुतण्यानं हैदराबादच्या कुठल्याशा जहागीरदाराकडून हौसेनं आणलेली लाल विलायती गाडी सरकीच्या गोदामात बंद पडून होती. दोनच सीटा, वर कापडी टप, आणि इतकी बुटकी की शेळी तिच्या बॉनेटवर आरामात बसायची. पुतण्याची हौस फिटली होती आणि माझी सुरू व्हायची होती. जुन्या स्कूटरच्या भावात सौदा झाला.

गाडी घरी आली ती बैलजोडी लावून. मागं अख्खी वस्ती. आईनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, "आरे, हिच्यात बसतेत का झोपतेत?"

सगळे हसले. बाबा तेवढे ओसरीवरून उठले नाहीत.

बाबा तीस वर्षं जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, इंजिनावर मिस्तरी होते. एक मोठं इंग्रजी ऑइल इंजिन सगळा कारखाना ओढायचं, आणि त्या इंजिनाला बाबांशिवाय कुणी हात लावत नसे. शाळेत ते दुसरीपर्यंत गेले होते, तेही वर्गाबाहेर बसून. इंजिनाचं शिक्षण त्यांनी नजरेनं घेतलं. मग मालकानं विजेच्या मोटारी बसवल्या, इंजिन भंगारात दिलं आणि बाबांना घरी पाठवलं.

घरी आल्यापासून ते बोलायचे कमी आणि जेवायचे त्याहून कमी. सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ओसरीवर बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. आई मला एकटं गाठून म्हणायची, "तुझ्या बापाचे हात रिकामे झाले रे. आसंच बसून बसून जातीन एक दिवस." मला त्यांच्या बसण्याचा राग यायचा. खरं तर ती भीती होती, पण भीतीपेक्षा राग करणं सोपं असतं. मी बँकेत निघून जायचो.

पहिल्या रविवारी ट्रकांचे दोन मेकॅनिक बोलावले. त्यांचे पाने एकाही नटाला बसेनात. एक सैल पडायचा, त्याच्या खालच्या मापाचा आत जायचाच नाही. शेवटी त्यातल्या एकानं छिन्नी आणि हातोडा काढला. छिन्नी पाहिल्याबरोबर ओसरीवरून आवाज आला.

"थांब रे! नट तोडून राह्यला का? इंचाचं माप हाये ते."

बाबा आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेले पाने घेऊन आले. जिनातलं इंजिन भंगारात गेलं तेव्हा त्याचे पाने तेवढे त्यांनी मागून घेतले होते. पहिलाच पाना नटावर असा बसला की मेकॅनिक एकमेकांकडे बघत राहिले. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. आईनं मला डोळ्यांनी खूण केली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या डबड्याचा आमच्या घराला काही उपयोग होऊ शकतो.

पुढचे दोन महिने बाबा गाडीखाली आणि मी बँकेत. सुटे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. मुंबईला पत्र टाकलं तर उत्तरही आलं नाही. बाबांनी इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यात कापून घेतलं. क्लचच्या प्लेटला ट्रकचं अस्तर ठोकलं. रबरी नळ्या पंपाच्या दुकानातून आल्या. मी संध्याकाळी आलो की बाबा काळ्या हातांनी, न विचारता, दिवसभरात काय केलं ते सांगायचे. इतकं ते माझ्याशी आयुष्यात बोलले नव्हते.

मग बॅटरी जोडायचा दिवस आला. रविवार होता, वस्ती जमली होती, मी बँकेतले दोन मित्रही मुद्दाम बोलावले होते. बॅटरीची एक तार गाडीच्या अंगाला जोडतात. आपल्याकडं ट्रक म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, वजा बाजूचीच तार अंगाला जाते, म्हणून बाबांनी तशीच जोडली. इंजिन एकदा फुरफुरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ पुढून धूर निघाला. बॅटरी चार्ज करणारा डायनमो जळला होता.

मित्र हसले. बस, तेवढं माझ्या डोक्यात गेलं. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "जिनातलं इंजन न्हाई हे! कळत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

 बाबांनी पाने एकेक पुसून पोत्यात गुंडाळले, पोतं आत ठेवलं आणि ओसरीवर जाऊन बसले. आई माझ्याशी बोलेना. भाकरी पुन्हा अर्धी झाली.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, कसर लागलेलं. मी त्यातलं गाडी ताशी किती मैल पळते एवढंच वाचलं होतं आणि बँकेत सगळ्यांना सांगितलं होतं. धूर निघाल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं. बाराव्या पानावर चौकट करून छापलं होतं: या गाडीत अधिक बाजूची तार अंगाला जोडावी, उलट जोडल्यास डायनमो जळेल. पुस्तक माझ्या उशाला होतं. घरात इंग्रजी मला एकट्याला येत होतं. म्हणजे गाडी मी जाळली होती आणि बोल बाबांना लावला होता.

हे सांगायला मला तीन दिवस लागले. बँकेत साहेबासमोर घडाघडा बोलणारा मी, बापासमोर तोंड उघडेना. शेवटी सकाळी ओसरीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "बाबा, चूक माझी व्हती. पुस्तकात लिहेल हाये. मी वाचलंच न्हाई."

एका कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. जिनाच्या आवाजानं तो गेला होता. मला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. बरंच झालं.

बाबांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "कोन्त्या पानावर हाये?"

"बाराव्या."

"मंग आधीचे आकरा वाच."

त्या दिवसापासून मी रोज बँकेत जाण्याआधी तासभर मोठ्यानं वाचायचो, मराठी करून. बाबा मधेच थांबवायचे. "पुन्ना म्हन," म्हणायचे, नाहीतर "हे लिहिनाऱ्यानं कधी हात काळे केले न्हाईत," असं म्हणून खुशाल पुढचं वाचायला सांगायचे. पंपाच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरून देणाऱ्या चाचांनी डायनमोही पुन्हा भरून दिला. डायनमो घेऊन ते स्वतः आले, सोबत लिंबू-मिरची. "मिस्तरी, हे बांधा. पैले बहुत जल्दी झाली तुमची."

"छप्पन सालच्या दीक्षेपासून बंद हाये ते आमच्यात," बाबा म्हणाले. "लिंबू आनलाच हाये तर सरबत करू." आईनं खरंच सरबत केलं आणि चाचा दोन ग्लास प्यायले.

इंजिन सुरू झालं, पण लंगडत. या गाडीला पेट्रोल आणि हवा मिसळणारे कार्बोरेटर दोन होते आणि दोघांचं जमत नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, की रबरी नळी कानाला लावून दोन्हींची फुसफुस ऐकावी आणि सारखी करावी. मी वाचलं आणि जीभ चावली. बाबांना फुसफुस कुठून ऐकू येणार? मी नळी माझ्या कानाला लावली. मला दोन्ही सारख्याच वाटल्या.

बाबांनी कुंपणाची बाभळीची काडी तोडली, सोलली, एक टोक इंजिनावर टेकवलं आणि दुसरं दातात धरलं. डोळे मिटले. जिनात इतका गोंगाट असायचा, की मिस्तरी लोक बेरिंगचा बिघाड असाच दातांनी ओळखायचे. हे मला त्या दिवशी कळलं. एका हातानं ते मला खुणावत होते, स्क्रू इकडं फिरव, थांब, थोडा मागं. पाऊण तास. मग हळूहळू इंजिनाची थरथर एकसारखी झाली. बाबांनी काडी काढली आणि म्हणाले, "आता बराबर."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मंठ्याला निघालो. टप उघडा, बाबांच्या डोक्याला उपरणं. वाटेत एका हॉटेलापाशी चहाला थांबलो, तशी गाडीभोवती गर्दी झाली. बाबांना इंजिन जरा तापल्यासारखं वाटलं, म्हणून बॉनेट उघडून ते काडी दातात धरून वाकले.

एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "सायेब, मिस्तरी कोठून आनला? मुंबईचा हाये का?"

"माझे वडील हायेत," मी म्हणालो. "गाडी मी बंद पाडली व्हती. त्यांनी चालू केली."

आठवडा गेला. सोमवारी सकाळी दारात बैलगाडी थांबली. दोन माणसं उतरली. त्यातला एक तो हॉटेलावरचा शेतकरी होता. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं, ऊस वाळत होता, शहरातले दोन मेकॅनिक हात टेकून गेले होते. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "मिस्तरी हायेत का?" एवढंच विचारलं.

बाबा आधीच उठले होते. पान्यांचं पोतं खांद्यावर, पायात वहाणा.

मी म्हणालो, "बाबा, मी गाडीतून सोडतो. जल्दी पोचाल."

"नको," ते म्हणाले. "इंजनाचं काय झालंय, ते रस्त्यानं ह्याला इचारायचंय. तू जा बँकेत."

ते बैलगाडीत चढले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांचे हात हलताना दिसत होते. त्या माणसाला काहीतरी विचारत होते. मी लाल गाडीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. आई दारातून बघत होती.