अकरा नंबरचा किडा आणि बाहेरची कडी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हते. आजही नाही म्हणते, पण हल्ली आवाज जरा बारीक झालाय. या सदरात लोकांना वाटेत पांढऱ्या साडीतल्या बायका भेटतात, मला भेटला एक किडा... शेवयाएवढा जाड. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझी अडीच वर्षांची मुलगी दाराच्या पलीकडे आहे, गॅस चालू आहे आणि मी अलीकडे कोंडलेली आहे. तिथे मला हसू येत नाही.

गोष्ट ऐंशीनंतरच्या काही वर्षांतली. आमचे हे तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि आम्ही बोईसरला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी बी.एस्सी. झूऑलॉजी, फर्स्ट क्लास. हे मी त्या काळात दूधवाल्यालाही सांगितलेलं आहे. लग्न झालं, मिनू झाली आणि फर्स्ट क्लास कपाटात गेला. डोकं मात्र कपाटात जाईना. मग मी ठरवलं, घरात समुद्र आणायचा.

यांनी काचेची टाकी करून दिली. हवेचा पंप मुंबईहून आला. पाणी केळव्याच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून, एसटीच्या कंडक्टरशी भांडून. पहिल्या महिन्यात सगळं मेलं. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात आटायचं आणि मी हुशार बाई प्रत्येक वेळी वरून आणखी समुद्राचं पाणी घालायचे. आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या जानकीमावशीने टाकीत बोट बुडवून चाखलं नि म्हणाली, "बाय, मिठागर घातलंस का काय घरात?"

"मावशी, मी शिकलेय यातलं."

"दिसतंय ना. गोडं पानी घाल वरशी. शिकलेली हाय म्हने."

मग मी गोडं पाणी घालू लागले आणि टाकी जगली. मावशीनेच मला भरतीच्या रेषेजवळचा एक दगड आणून दिला, टरबुजाएवढा, भोकाभोकांचा. दगड टाकीत ठेवला आणि आठ दिवसांत त्यातून पाहुणे निघू लागले. न बोलावता, भाडं न देता आलेले. पिसांचा पंखा उघडणारा एक, लांब मिशांनी वाळू चाटणारा एक, दोन्ही कडांना काचेच्या लोकरीसारखे केस असलेला एक. या लोकरीवाल्याला मी बोटाने उचलला, शास्त्रीय कुतूहल म्हणून. दोन दिवस बोटाला चिकटपट्टी लावून लावून काटे काढत होते. हे विचारायचे, "आज शास्त्र कुठे टोचलं?"

मी वहीत प्रत्येकाला नंबर देऊन चित्र काढायचे आणि कॉलेजचं जुनं पुस्तक उघडून नाव शोधायचे. एक ते दहा ओळखले, निदान मला तसं वाटलं. अकरावा ओळखू येईना. पांढरा, गुळगुळीत, ना केस ना मिशा, तोंड कुठलं नि शेपूट कुठलं कळू नये असा. मधोमध एक काळं कडं. दुपारी पंपाचा आवाज बंद झाला की दगडातून वीतभर बाहेर यायचा आणि काचेला टेकून उभा राहायचा. दुपारी पंप बंद व्हायचाच, कारण लाइट जायची. लाइट गेली की मी पळी घेऊन पाणी ढवळत बसायचे, नाहीतर सगळे गुदमरतील. चार महिने मी एक रात्रही घराबाहेर राहिले नव्हते. आई आजारी होती तेव्हाही सकाळी जाऊन दुपारी परत. हे म्हणाले, "तू टाकी पाळली नाहीस, टाकीने तुला पाळलंय." मला राग आला, कारण ते खरं होतं.

अकराव्याचं चित्र मी आमच्या कॉलेजच्या सरांना पाठवलं. उत्तर आलं - चित्रावरून सांगता येत नाही, नमुना स्पिरिटमध्ये घालून पाठवा. वेगळा निघाला तर डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी तुमचा विचार करता येईल. ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपायचे. नवीन नवरीसुद्धा इतकी लाजली नसती.

मावशीला मी तो किडा कौतुकाने दाखवला. तिने टोपली खाली ठेवली आणि टाकीपासून दोन पावलं मागे सरली.

"याला काय म्हणता तुम्ही लोक?"

"नाव नाय त्याला. आमच्यात जाळ्यात असला आला का आमी त्याला काय बोलत नाय. तसाच पान्यात सोडायचा नि मागं बघायचं नाय. घरात नेत नाय कोन."

"का पण?"

"का बिका मला नाय म्हाईत. माझी सासू सोडायची, मी सोडतंय. कोंडायचा नाय त्याला, येवढंच. दगूड देतेस का परत?"

मी दिला नाही. माझी नोकरी होती त्या दगडात.

पहिल्यांदा पकडला तेव्हा फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी झाकण घट्ट, पाणी तेवढंच, किडा नाही. आणि दगडाच्या भोकात काळं कडं दिसतंय. मी वहीत लिहिलं, 'अर्थात दोन असणार.' पहिला कुठे गेला हे लिहायचं राहून गेलं. फर्स्ट क्लास हो.

आता दाराचं सांगते. टाकी स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या कोठीत होती. मिनू आत जाऊन हात घालेल म्हणून मीच यांच्याकडून दाराला स्वयंपाकघराच्या बाजूने, अगदी वर, आडवी कडी बसवून घेतली होती. माझे हात पोचायला टाचा उंच कराव्या लागत. खाऱ्या हवेने ती गंजली होती. वरखाली हलवत हलवत, एक-दोन शिव्या घालून सरकवावी लागे.

त्या दिवशी मी सापळा लावला. कॉफीच्या काचेच्या बाटलीत कोलंबीचा तुकडा आणि तोंडात उलटं नरसाळं. बाटली खाली सोडायला गळ्याला प्लॅस्टिक चढवलेली जाड वायर गुंडाळलेली. दीडच्या सुमारास जेवणं झाली. मिनूला स्वयंपाकघरात चटईवर वाट्या-चमचे देऊन बसवलं, दूध बारीक गॅसवर ठेवलं आणि सापळा बघायला आत गेले. दोन मिनिटांचं काम. दार नुसतं लोटलं.

अकरावा बाटलीत होता. मी बाटली बाहेर काढली, नरसाळं काढून झाकण लावलं, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं. या वेळी पळून दाखव म्हणाले, किड्याला. संध्याकाळी हे स्पिरिट आणणार होते. मग दार ओढलं. उघडेना.

आधी वाटलं फुगलंय. मग समुद्राच्या पाण्याच्या भरलेल्या कॅनवर चढून वरच्या फटीतून पाहिलं. कडी लागलेली होती, पूर्ण सरकवलेली.

"मिनू, कडी कोणी लावली ग?"

पलीकडून वाटी आपटल्याचा आवाज. तिची उंची ओट्यापर्यंतही नव्हती. घराचं बाहेरचं दार मीच आतून बंद केलं होतं.

मी हाका मारल्या. कोठीची खिडकी म्हणजे वर एक जाळी, तीही इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारी. शेजारच्या भाभींना हाक मारली, त्या रेशनच्या रांगेत गेल्याचं नंतर कळलं. लाइट गेली, पंप थांबला. आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. आमच्या स्वयंपाकघरात एकच स्टूल होतं आणि मिनूला ते ओट्याशी नेऊन वर चढायची नवी विद्या आली होती. दूध उतू जात असल्याचा वास आला.

"मिनू, तिथे जायचं नाही. आईकडे ये, दाराशी ये."

"दुदू," ती म्हणाली.

त्यानंतर आवाज बंद. रडणं नाही, वाटी नाही, काही नाही. मी खांद्याने दार ठोकलं, लाथा घातल्या. हे मेंटेनन्सचे माणूस, दार भक्कम बसवलेलं. मी तिच्याशी बोलत राहिले, बाळाचं गाणं म्हटलं, धमक्या दिल्या. तिकडून श्वाससुद्धा ऐकू येईना. तेवढ्यात गॅसचा वास आला असं वाटलं. होता की नव्हता, आज सांगता येणार नाही.

मग वायर आठवली. वरच्या फटीतून वायर घालून कडी ओढता आली तर... पण ती बाटलीच्या गळ्याला आवळून गुंडाळलेली आणि मी तिच्यावरच मेण ओतून ठेवलेलं. नखांनी मेण खरवडलं, वायरचं टोक झाकणाच्या कडेखाली अडकलेलं म्हणून झाकण फिरवलं, आणि भरलेली बाटली हातातून निसटू नये म्हणून आतलं पाणी टाकीत ओतलं. किड्यासकट. मी काही मावशीचं ऐकून सोडला नाही हो, मला वायर हवी होती. एवढं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. पण ओतताना मी तोंड फिरवलं होतं, हे सांगत आले नाही. का फिरवलं, ठाऊक नाही.

वायरचा एकच वेढा सुटला होता. मागे दार करकरलं आणि चार बोटं उघडलं.

कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला नाही. ती कडी आवाज न करता सरकणारी नव्हती.

मिनू ओट्याखाली, पाण्याच्या पिंपाला टेकून बसली होती. जागी, शांत, अंगठा तोंडात. स्टूल ओट्याशी होतं. गॅसचं बटण बंद होतं. दूध थोडं उतू गेलेलं, वर साय धरलेली. मी तिला उचललं तर फ्रॉक कमरेपर्यंत चिंब. जमीन कोरडी. आमच्याकडे पाणी संध्याकाळी पाचला यायचं आणि पिंप सकाळीच कपड्यांना रिकामं झालं होतं, तळाला तांब्याही बुडला नसता. तिला विचारलं, "कुठे भिजलीस ग?" ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तेवढ्यात कारखान्याचा तीनचा भोंगा झाला. म्हणजे मी आत तास-सव्वा तास होते.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्यावर मी न बोलता दगड टोपलीत ठेवला. तिने वर ओला फडका टाकला आणि उठली. जिन्यावरून म्हणाली, "पोर बरी हाय ना?" मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. आता आई घाबरलेली दिसली की पोराचीच चौकशी करतात, त्यात काय मोठं, असंही म्हणता येईल.

यांचं म्हणणं, कडी अर्धवट होती, धक्क्यांनी सरकली. लागली कशी, यावर ते म्हणतात, "तुझीच सवय, हाताला कळतही नसेल." आत उभी राहून बाहेरची कडी लावायची सवय. गॅस मिनूने बंद केला असेल, हे मी मान्य करते. स्टूल होतं, बटणाशी हात पोचला असेल. फ्रॉकचं मात्र कोणी काही बोलत नाही. तो वाळला तेव्हा कमरेवर पांढरी रेघ उमटली होती. प्रयोगशाळेत कशाचीही चव घ्यायची नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी घेतली. खारट.

सरांना मी नमुना मेला असं कळवलं. डेमॉन्स्ट्रेटर काही झाले नाही. पुढे शिकवण्या घेतल्या आणि पोरांना किडे सोडून सगळं शिकवलं. मिनूला आज त्या दुपारचं काही आठवत नाही. मी अधूनमधून विचारते, ती म्हणते, "आई, पुरे."

यांनी त्याच संध्याकाळी कडी काढून टाकली. त्यानंतर चार घरं झाली आमची, पण आतल्या एकाही दाराला मी कडी लावू दिलेली नाही. पाहुणे आले की न्हाणीघरात मोठ्याने गाणी म्हणत बसतात, जावईबापू तर नुसते खोकतात. कड्या का नाहीत विचारलं की मी सांगते, गंजतात हो. खरं कारण मला माहीत असतं, तर तेच नसतं का सांगितलं?