आधी दार

"आधी दार करा. खोली मंग." मी शिकवायची त्या शाळेतले विज्ञानाचे सर डस्टर टेबलावर आपटून हे म्हणायचे आणि वर्ग हसायचा. दाराआधी भिंत लागते, एवढं घाटंजीत कोणालाही कळतं.

सरांना नाद लागला होता अंतराळ स्थानकाचा. एक खोली एका देशात बनते, दुसरी दुसऱ्या देशात; जहाजानं, विमानानं नेतात, मग रॉकेटनं वर. काही खोल्यांची तर पहिली भेटच आभाळात. "न बसली तर खाली आनून घासता येत नाही, मॅडम. म्हणून दार पहिले ठरवतात. अन् पाहा ना, कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखून होते हे देश!"

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसायचे. त्यांचे धाकटे भाऊ केळापूरच्या शाळेत मास्तर होते आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं बंद होतं. वीतभर धुरा हो! कापसाला कोणी विचारत नव्हतं, तरी धुरा सुटेना. वर्षंच तशी होती. दर आठवड्याला कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्याची वाईट बातमी यायची, आम्ही स्टाफरूममध्ये मान हलवायचो आणि चहा प्यायचो. रडू येईनासं झालं होतं.

यवतमाळच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी स्थानकाची प्रतिकृती ठरवली: एक खोली घाटंजीत बनेल, एक केळापुरात, जोडणी प्रदर्शनातच. तेलाच्या पिंपाचा पत्रा वापरायचा. निरोप पोचवणारी मी, कारण शनिवारी मी एसटीनं केळापूरला लागूनच असलेल्या पांढरकवड्याला माहेरी जायची. दाराच्या मापासाठी सरांनी एका डब्याचं झाकण दिलं, ते मी धाकट्यांना नेऊन दिलं.

"पण सर, एक दार आत शिरणारं पाहिजे, दुसरं त्याला आत घेणारं. कोणी कोणतं करायचं?"

"त्याले समजते."

धाकट्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "दादाले समजते."

"अहो, बोला ना मग एकमेकांशी!" मी चिडलेच.

"प्रदर्शनात बोलू."

सरही तेच म्हणाले. आणि रोज विचारायचे, "त्याचं होऊन राह्यलं का?" खोलीचं विचारतायत की भावाचं, मला काय कळत नव्हतं?

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात सर वर्गात खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. छातीत कळ आली, एवढंच म्हणाले. मी मुलांना घरी पाठवलं, फळा पुसला. तेव्हाही रडू आलं नाही. माझीच मला भीती वाटली.

घरचं सगळं आटोपल्यावर धाकटे शाळेत आले. गोणपाटात गुंडाळलेली त्यांची खोली त्यांनी सरांच्या खोलीशेजारी ठेवली आणि जोडायला गेले. बसेना. फिरवून पाहिली, तरी बसेना.

दोन्ही दारं आत घेणारी होती. रुंद तोंडाची, शिरणाऱ्याला खरचटू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेली. आत शिरणारं दार कोणीच केलं नव्हतं.

"मले वाटलं, दादा येईन," धाकटे म्हणाले.

दोन्ही तोंडं एकमेकांना टेकवून ते उभे राहिले. हात सोडला की खोल्या सुटत होत्या. शाळा सुटल्याची घंटा झाली, तरी त्यांनी हात काढला नाही.