हॉलिसचे बूट

हॉलिस पॅजेट शाळेत माझा विद्यार्थी होता तेव्हाही बाकावर टिकत नसे. आता पन्नाशी उलटली, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. पाय मात्र अजून तसेच, सतत हलते. आमच्या दक्षिण कॅरोलायनात हरणांची शिकार भर ऑगस्टात सुरू होते, आणि तिथे दम धरून बसावं लागतं; ते असल्या माणसाचं काम नव्हे.

मागच्या वर्षी तो जखमी हरणामागे लगेच धावला. हरीण उठून दलदलीत शिरलं आणि गिधाडांच्या तोंडी गेलं. तेव्हा चर्चच्या पायरीवर त्याने सगळ्यांदेखत शब्द दिला, "पुन्हा एक जीव असा वाया गेला, तर बंदूक नॅडीनची." नॅडीन त्याची थोरली बहीण.

यंदा पहिल्याच सकाळी हॉलिसची गोळी हरणाला छातीच्या जरा मागे लागली. मांसासाठी बर्फाची पेटी घेऊन मी पोहोचले, तेव्हा नॅडीन पानावरचं रक्त निरखत होती.

"काळपट आहे. कलेजीला लागलीय. जवळच बसलं असेल, हळूहळू तिथेच मरेल; आत्ता उठवलंस तर गेलंच. बस खाली."

"या उन्हात? मांस नासेल ना!"

"बूट काढ."

"काय?"

"काढ म्हणते ना!"

तिने बूट गाडीत टाकले, दार लावलं, किल्ली खिशात घातली.

"बाई, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मला वर्षभरात जमलं नाही ते तिला जमतंय," मी म्हटलं. "जमू दे."

हॉलिस पेटीचं झाकण उघडी, मिटी, पुन्हा उघडी.

"बर्फ उन्हाने नाही, तुझ्याने वितळतोय," नॅडीन म्हणाली.

बऱ्याच वेळाने नदीकडून गडगडलं. आता नॅडीनच उठली. "पाऊस आला तर रक्ताचा माग धुऊन जाईल. निघू या का?"

हॉलिसने दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. "थांब जरा."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पावसाआधीचा पहिला गार वारा आला, तसा "आता!" म्हणून तो सुटला.

बुटक्या ताडांच्या झुडपात, पहिल्यांदा बसलं तिथेच हरीण मरून पडलं होतं. हॉलिसने पोट चिरलं, हात नाकाशी नेला, श्वास सोडला. "ताजं आहे." आणि भराभर बर्फ भरू लागला.

नॅडीन त्याच्या चिखलाने माखलेल्या मोज्यांकडे बघत होती. "सापांच्या रानात बुटांशिवाय आलास?"

"किल्ली मागायला कोण थांबणार?"

"बंदूक ठेव तुझ्याकडेच," ती म्हणाली. "बूट मात्र ऑगस्टभर माझ्याकडे."